आमची वाटचाल: सुविचारांकडून बेदाण्याकडे

आमची फर्म म्हणजे मी आणि माझा मेहुणा. सांगलीत एका झेरॉक्सवाल्याच्या वरच्या खोलीत सुरुवात झाली. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर इंटरनेटवर कुठेही वाचता येईल अशा युनिकोडमध्ये आणायचा आणि छोट्या दुकानदारांना वेबसाइट करून द्यायची, असं काम. सोबत स्वतःची एक साइट होती, सुविचार, उखाणे आणि शुभेच्छांची. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि दिवाळीत तिच्यावर अशी झुंबड उडायची की सर्व्हर बसायचा. पैसे मात्र नाहीत. गूगलच्या जाहिराती २०१४ च्या डिसेंबरात हिंदी पानांना मिळू लागल्या, मराठीला त्यानंतर काही वर्षं थांबावं लागलं. आणि मिळाल्या तरी शुभेच्छा पाठवणाऱ्या माणसाला विकायचं काय?

वळण सर्च कन्सोलमुळे आलं. लोक काय शोधून आपल्या साइटवर येतात ते दाखवणारं हे गूगलचं साधन. आमच्या एका फुटकळ पानावर लोक कोणते शब्द टाकून येतात ते मी वहीत उतरवायचो. ‘बेदाणा काळा पडला उपाय’, ‘बेदाणा शेड पाऊस’, आणि हेच सगळं इंग्रजी लिपीत चार-चार स्पेलिंगांनी. माणसं थोडी, पण एकेकाच्या द्राक्षं वाळवायच्या शेडमध्ये लाखांचा माल रॅकवर पडलेला. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो, तोही अवकाळीत काळवंडला की सौद्यात दर कोसळतो. असा माणूस रात्री अकराला मोबाइलवर शोधतो तो करमणुकीसाठी नाही. त्याला डिपिंग ऑइल (वाळवण्याआधी द्राक्षं ज्यात बुडवतात ते), शेडनेट, गंधक, बॉक्स यातलं काहीतरी सकाळी लागणार असतं.

म्हणून बेदाण्याचीच साइट काढली. लिटरभर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, घड किती मिनिटं बुडवायचे, ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास आला की रॅक कसा झाडायचा, सगळं फोटोंसकट. फोटो मी स्वतः तासगावच्या शेडांत उभा राहून काढले.

पहिली जाहिरात तासगावच्या अण्णांची. त्यांचं ऑइल-कार्बोनेटचं दुकान. क्लिकबिक त्यांना कळत नव्हतं. ते म्हणाले, “फोन वाजला तर पैसे देतो.” दर पानाखाली त्यांचा नंबर टाकला. हंगामात फोन वाजले, त्यांनी पैसे दिले. मधली चांगली वर्षं अशीच गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग तो आला. नाव घेत नाही, आमच्या धंद्यातल्यांना माहीत आहे. ऐन जानेवारीत त्याने आमची पानंच्या पानं उचलली. शेडच्या फोटोत कोपऱ्यात माझ्या चपला दिसतात, त्याही गेल्या त्याच्या साइटवर! गूगलवर तो वर, आम्ही खाली. शेडनेटवाल्यांना त्याने हंगामभर फुकट जाहिरात देऊ केली, ते एकेक करून गेले. होस्टिंगचं, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर असते त्याचं, बिल भरायला पैसे नव्हते. मेहुण्याने नोकरीचा अर्ज टाईप केला तो आमच्याच कॉम्प्युटरवर. गूगलकडे कॉपीराइटच्या तक्रारी टाकायच्या म्हणजे प्रत्येक पानाची वेगळी लिंक, मूळ फोटोची तारीख, पुन्हा तेच. काही पानं उतरली, काही अजून तशीच आहेत.

अण्णांना सांगायला गेलो तर ते हसायलाच लागले. त्या गड्याने पानाच्या तळाशी असलेला अण्णांचा नंबरसुद्धा तसाच उचलला होता. त्याच्या साइटवरून अण्णांना फोन येत होते, फुकट. गल्ल्यातून पुढच्या हंगामाचे पैसे काढून त्यांनी माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, “अजून चार पानं लिही, चोरू दे त्याला.” तेवढ्यावर होस्टिंग वाचलं.

नवी साइट काढू पाहणारी पोरं मला विचारत नाहीत, तरी सांगतो. कोणता शब्द किती लोक शोधतात ते सांगणाऱ्या गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमधला मोठा आकडा बघून भुलू नका. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेण्याआधी त्या मालाच्या तीन दुकानदारांना फोन करा आणि विचारा, एक नवं गिऱ्हाईक आणून दिलं तर काय द्याल? तिघेही गप्प बसले तर तो विषय कितीही गोड असो, सोडा. आणि हंगाम बघा. आमच्याकडे जून ते डिसेंबर साइटवर चिटपाखरू नसतं, तरी जानेवारी ते एप्रिल वर्ष काढून देतात.

आता हळदीवर साइट काढा म्हणून सगळे मागे लागलेत, सांगलीची पेठच हळदीची. पण हळद विकणाऱ्या अडत्याला माझी गरज नाही. हळद शिजवायचे कुकर बनवणाऱ्याला असू शकते. दोघांना फोन केलेत, एकाने दर विचारलाय.