कॅम्डेनचा वाडा : कारंजं खोडलं, पायऱ्या सापडल्या

मंडळी, इंग्लंडमधल्या चिपिंग कॅम्डेन गावातल्या एका जळक्या वाड्याच्या बागेचा नकाशा मी काढतोय, तो थोडा पुढे सरकला. मागच्या वेळी बागेत एक गोल उंचवटा दाखवून मी शेजारी ‘कारंज्याचा चौथरा?’ असं लिहिलं होतं. तो खोडला आहे.

इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा लायडार डेटा (विमानातून लेसरने मोजलेल्या उंच्या) फुकट मिळतो. त्यातला मी डीएसएम नावाचा उंचीचा नकाशा उतरवला होता, ज्यात झाडंझुडपं जमिनीसकट मोजलेली असतात. डीटीएम या दुसऱ्या नकाशात ती गाळतात. तो लावल्याबरोबर उंचवटा गेला. ते झुडूप होतं. पण नुसत्या डीटीएमवरही विसंबू नका, गाळताना पडक्या भिंतीचा तुकडासुद्धा निघून जातो. दोन्ही शेजारी ठेवूनच बघा.

दुसरी सुधारणा उजेडाची. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हिलशेड म्हणजे उंच्यांवर खोटं ऊन पाडून सावल्या दाखवणं; त्यात काही बदललं नाही, तर ऊन वायव्येकडून ४५ अंशांवरून पडतं. भर दुपारी शेताचे बांध जसे सपाट वाटतात तसंच होतं. कोन १५ वर आणला, चार दिशांनी फिरवला आणि बागेच्या पायऱ्या, म्हणजे उतारावर कापलेले सपाट टप्पे, उठून आल्या. खूप आनंद झाला!

ही बाग सर बॅप्टिस्ट हिक्सची. लंडनचा कापड-रेशमाचा व्यापारी, पहिल्या जेम्स राजाला कर्ज देणारा. १६१३च्या सुमारास त्याने इथे घर बांधलं. १६४५च्या मे महिन्यात, इंग्लंडच्या यादवी युद्धात, पुढचा राजा पहिला चार्ल्स याच्याच फौजेने तळ सोडताना ते पेटवलं, पार्लमेंटवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून. जेमतेम तीस-बत्तीस वर्षांचं घर. आज दर्शनी भिंतीचा एक तुकडा उभा आहे, त्याचा चुनखडी दगड आगीने गुलाबी पडलेला. गच्चीसारख्या लांब पट्ट्याच्या दोन टोकांना दोन बँक्वेटिंग हाऊस मात्र शाबूत आहेत. जेवण झालं की पाहुणे तिथे गोडधोड आणि वाइन घेत बाग बघायचे.

शनिवारी शेजारच्या कोनीग्री नावाच्या कुरणातल्या पायवाटेवरून हे सगळं प्रत्यक्ष पाहिलं. (कोनी म्हणजे ससा, हे सशांचं रान.) जानेवारीतले दुपारचे तीन, ऊन जमिनीला टेकलेलं. स्क्रीनवरच्या रेषा गवतात सावल्या होऊन पडल्या होत्या. मला गावाकडची पांढर आठवली. पण फरक मोठा आहे. गढीचं टेकाड भिंती ढासळून आपोआप होतं. इथली माती माळ्या-मजुरांनी कुदळ-फावड्याने कापून, वाहून, भरून सपाट केली आहे. घर जळालं, पण त्यांनी बांधलेला उतार चारशे वर्षं तसाच आहे. नकाशात मला घरापेक्षा तोच नीट यायला हवाय.

जागा संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे खणणं नाही, मेटल डिटेक्टर नाही. जे काही करायचं ते डोळ्यांनी आणि कागदावर. सध्या उताराच्या रेघा हाताने काढतोय, वरच्या कडेला जाड, खाली निमुळत्या. पूर्वेकडच्या झाल्या. पश्चिमेकडे दोन पायऱ्या एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात. तिथे ८ अंशांवर हिलशेड चालवून बघणार आहे. कुणी इतका खालचा कोन वापरला असेल तर कळवा.