साखर कमी घातली तर चालेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मे महिन्यात सुट्टीला आलेले पाहुणे असोत, रिकामी बरणी परत द्यायला आलेली शेजारीण असो, की फोनवरून साखरांब्याचं प्रमाण लिहून घेणारी भाची असो, प्रमाण ऐकून झालं की सगळ्यांचा प्रश्न एकच: “बाई गं, एवढी साखर? जरा कमी घातली तर चालेल ना?”

घाईत असले की मी “चालेल, पण टिकणार नाही” एवढंच म्हणते. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. विचारणारीला वाटतं, काकूंच्या हाताला जुनी सवय आहे, म्हणून त्या साखर सढळ घालतात. तसं नाही. ह्या प्रश्नाने माझं एक अख्खं वर्ष खाल्लं आहे, म्हणून आज नीट बसून सांगते.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीपासून फार लांब नाही. घरामागच्या परड्यात हापूसचं एक जुनं कलम, दोन रायवळ, एक बरका फणस, रातांब्याची, म्हणजे कोकमाची, तीन झाडं, आवळा, लिंबू, पेरू आणि गडग्याला लागून करवंदाच्या जाळ्या. आवळा कार्तिकात येतो, पेरू आपल्या लहरीने. बाकी सगळं एप्रिल-मे महिन्यांत एकदम अंगावर येतं. हापूस चौदा आणे तयार झाला, म्हणजे पुरता भरला पण अजून पिकला नाही, की झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट काढायचा, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतात. तो पेंढ्यात घालेपर्यंत फणसाचा वास सुटलेला असतो आणि रातांबे लाल व्हायला लागलेले असतात. समोर सात जूनचा मृग. त्याच्या आत जे बरणीत, डब्यात किंवा ताटावर वाळून गेलं ते आपलं. राहिलं ते पावसाचं.

आता साखरेकडे येते. नऊ वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना मधुमेह निघाला. बाबांना साखरांबा भारी प्रिय. सकाळची भाकरी त्याच्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नसे. मी मनाशी ठरवलं, यंदा असा करायचा की बाबांना खाता येईल. दरवर्षी किलोभर कैरीच्या किसाला मी सव्वा किलो साखर घालते. त्या वर्षी सहाशे ग्रॅमच घातली. दिसायला सुरेख झाला. रंग फिका सोनेरी, चव आंबटगोड, पाहुण्यांनी तर नेहमीपेक्षा चांगला म्हटलं. मोठी बरणी गळ्यापर्यंत भरली, तोंडाला दादरा, म्हणजे फडकं, बांधला आणि मी निर्धास्त झाले.

श्रावणात एका सकाळी दादरा वर फुगलेला दिसला. सोडला तर ताडीसारखा आंबूस वास आला, आणि कडेने बारीक बुडबुडे वर येत होते. पाच किलोंच्या वर माल होता. गॅसवर परत चढवून वाचवता येईल असं कुणीतरी म्हणालं, पण ज्यात एकदा हे सुरू झालं ते बाबांच्या ताटात वाढायला माझा हात धजेना. बुरशीचंही तेच. वरचा थर काढून खालचं खाणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका. वर दिसते तेवढीच ती नसते. सगळं आवळ्याच्या बुंध्याशी खड्डा करून पुरलं. बाबा पायरीवर बसून बघत होते. काहीच बोलले नाहीत.

तेव्हापासून मी ह्या गोष्टीचा पिच्छा पुरवला. वाचलं, तापमापक आणला, वजनकाटा आणला. साखर गोडीसाठी घालतो अशी माझीही समजूत होती. खरं तर ती पाण्यासाठी घालतो. फळात पाणी मुबलक असतं, आणि बुरशीला नि यीस्टला जगायला तेच पाणी लागतं. साखर त्या पाण्याला धरून ठेवते. पाणी बरणीत असतं, पण त्यांच्या हाती लागत नाही. शंभर ग्रॅम साखरांब्यात ६५ ते ६८ ग्रॅम साखर असली की तो बाहेर राहतो. आपल्याकडच्या नियमांतही विकतच्या जॅममध्ये विद्राव्य घटक, म्हणजे विरघळलेली साखर वगैरे, किमान ६५ टक्के असावे लागतात, ते ह्याच कारणाने. माझ्या फसलेल्या बरणीत हिशोब केला तर पन्नास टक्क्यांच्या आसपास भरतो. गोड लागायला तेवढं भरपूर झालं. टिकायला कमी पडलं.

ह्यावर हुशार बायका विचारतात, मग साखर कमी घालून जास्त वेळ आटवलं तर? तेही मी करून पाहिलं आहे. सहाशे ग्रॅमवाला साखरांबा टिकेल इतका आटवला तर सव्वा किलोवाल्याच्या निम्माच उरतो. रंग काळपट होतो, कीस चिवट होतो, आणि चमचाभर तोंडात घातला तर गोडी नेहमीइतकीच. म्हणजे साखर कमी झाली नाही, साखरांबा कमी झाला! बिनसाखरेच्या गोड गोळ्या-पावडरींचं तर विचारूच नका. चिमूटभरात गोड करतात, पण एवढंसं वजन एवढ्या पाण्याला काय धरणार?

साखरेचं हे पाणी ओढणं डोळ्यांनी बघायचं असेल तर कार्तिकात मोरावळा घाला. आवळे टोचायचे, तुरट रस कमी व्हावा म्हणून तुरटीच्या पाण्यात ठेवायचे, स्वच्छ धुऊन वाफवायचे आणि दोनतारी पाकात सोडायचे. दुसऱ्या दिवशी झाकण उघडा. काल दाट असलेला पाक पाण्यासारखा पातळ झालेला दिसेल. नवख्या मुली घाबरतात, पाक बिघडला म्हणतात. तो बिघडलेला नसतो. रात्रभरात आवळ्याने आपलं पाणी दिलं आणि बदल्यात साखर घेतली. आवळे काढून पाक पुन्हा उकळायचा, परत सोडायचे. पाक पातळ व्हायचा थांबेपर्यंत, दोन-तीनदा, हे चालतं. कैरीचा कीस आधी वाफवून मगच साखर घालतात, तेही त्यामुळेच. कच्च्या किसावर साखर पडली की त्याचं पाणी आधीच निघून जातं आणि तो आक्रसून दोऱ्यासारखा होतो. मग कितीही शिजवा, मऊ व्हायचा नाही.

तापमापकाचं थोडं सांगते. आमच्याकडे समुद्रसपाटीला मिश्रण १०५ अंशांवर आलं की ते झालं समजावं. पण माझी एक चुलत जाऊ महाबळेश्वरला असते. ती स्ट्रॉबेरीचा जॅम करताना १०५ची वाट बघत बसली आणि पातेल्यात टॉफी झाली. तिथे साडेतेराशे मीटर उंचीवर पाणीच साधारण ९५-९६ला उकळतं, त्यामुळे तिचा जॅम शंभराच्या आसपास तयार होतो. आधी आपल्या गावात पाणी किती अंशांवर उकळतं ते बघा आणि त्यात चार-पाच अंश मिळवा. स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅमला घट्ट धरणारा फळातला घटक, कमी, म्हणून लिंबू पिळायला लागतं. कच्ची करवंदं, आवळा ह्यांना ती गरज नाही. पेक्टिन त्यांच्यात भरपूर असतं आणि ती आपली आपण धरतात.

गुळांब्याबद्दलही विचारतात. गूळ चालतो, मला तर तोच आवडतो, लवंग-दालचिनी घालून. पण गूळ हवेतलं पाणी ओढतो. आमच्या जुलैत उघडलेली गुळांब्याची बरणी आठवड्यात सैल पडते. म्हणून तो थोडा जास्त आटवते आणि छोट्या बाटल्यांत भरते, एक संपली की दुसरी उघडायची.

आणि ज्यांना कमी गोडच हवा आहे त्यांनी जरूर करावा. किलोला अर्धा किलो साखर घाला, पाव किलोची बाटली भरा, फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवड्यांत संपवा. छान लागतो. फक्त त्याला वर्षाचा साखरांबा म्हणून फडताळात ठेवू नका.

पण पाणी काढायला साखर हा एकच रस्ता नाही, आणि मला खरं सांगायचं आहे ते हेच. आमच्या परड्याने इतर रस्ते कधीचे दाखवून ठेवले होते. माझं लक्ष साखरेच्या डब्यावर होतं. फणसाच्या बरक्या गऱ्यांचा रस चाळणीतून काढून तुपाचा हात लावलेल्या ताटावर पसरायचा, उन्हात ठेवायचा. पाणी ऊन घेऊन जातं. रायवळ आंब्याच्या रसाची साठं, म्हणजे आंबापोळी, तीही तशीच. मधुमेहवाल्यांना मात्र आवर्जून सांगते, फणसपोळीत आपण साखर घातली नाही म्हणून ती बिनसाखरेची होत नाही. फळाची सगळी साखर पातळ पोळीत गोळा झालेली असते.

बाबांच्या उपयोगी पडले ते रातांबे. लावलेल्या तीन झाडांपैकी दोन नर निघाली. बी लावून केलेल्या रातांब्याचं हेच दुखणं, नर की मादी ते फुलोरा येईतो कळत नाही आणि तोवर सात-आठ वर्षं गेलेली असतात. नव्याने लावणाऱ्यांनी मादी झाडाचं कलमच आणावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात त्यासाठी चांगली. आमच्या एका मादी झाडाला मात्र लगडून येतं. रातांबे फोडायचे, बिया आणि गर एका पातेल्यात मीठ घालून बाजूला ठेवायचे, साली उन्हात. संध्याकाळी साली त्या खारट रसात बुडवायच्या, सकाळी परत उन्हात. अशी चार-पाच पुटं दिली की सोलं, म्हणजे आमसुलं, काळीभोर, लवचीक आणि चमकदार होतात. उरलेल्या बियांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, निघतं, थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायला. साखरेचा एक कण लागत नाही. इथे पाण्याला मीठ धरतं, उरलेलं ऊन नेतं, आणि रातांब्याचा आंबटपणा राखण करतो.

त्या फसलेल्या वर्षानंतरच्या मेमध्ये मी पुन्हा पुऱ्या साखरेचा साखरांबा केला. बाबांना विचारलं, “तुमच्यासाठी वेगळा करू का थोडा?” ते म्हणाले, “नको. मला बोटभर दे, पण आपला दे.” डॉक्टरांना विचारून रविवारी पाव चमचा ठरला. ताटाच्या कडेला वाढते. भाकरी संपेपर्यंत ते तो पुरवतात.

आणि सोलांची राखण त्यांनी आपण होऊन घेतली. आता ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सकाळी आठला खळ्यात खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन बसतात. कावळे, कोंबड्या, पोरं, कुणाची बिशाद नाही. दुपारी साली उलटतात, एखादी दाताखाली धरून बघतात आणि आतल्या दिशेने ओरडून सांगतात, “अजून एक पुट पायजे.” जेवणात रोज वाटीभर सार किंवा सोलकढी असतेच, आणि ती आपण राखलेल्या सोलांची आहे हे ते आल्यागेल्याला सांगतात.

परवा मी आत कीस वाफवत होते. पातेल्यात साखर ओतायला वाडगा उचलला आणि बाहेरून त्यांची हाक आली, “काळोख करून आलाय गो, सोलं उचल आधी!” गॅस बंद केला आणि धावले.