रात्रीचं सुकाणू: सरावाची चौथी रात्र

अमावास्येच्या आदली रात्र, जानेवारी. जे-२४ ही छोटी शिडाची बोट, आम्ही पाच जण. साडेआठला गेटवेसमोरून निघालो, दक्षिणेला खांदेरीच्या दिशेने. भरती समोरून होती, त्यामुळे खांदेरी गाठली नाहीच. लांबून दिवा बघून वळलो.

मागच्या तीन रात्रींचं रडगाणं एकच. घरी येऊन घड्याळातला जीपीएसचा माग उघडला की नागमोडी रेघ, दोन्ही बाजूंना बारा-चौदा अंशांची. दिवसा मी इतका वाईट नाही हो. पण अंधारात नजरेला धरायला काही नसतं, म्हणून डोळे होकायंत्राला चिकटतात. बोट वळली की तबकडी जरा ओढली जाते आणि मग सावकाश स्थिरावते. आकडा पटेपर्यंत नाळ (बोटीचं पुढचं टोक) भलतीकडे गेलेली असते. मग मी टिलर (सुकाणूचा दांडा) जास्त ढकलतो, मग उलटा, आणि दर वेळी सुकाणू ब्रेक लावतं.

या वेळी काकांनी (नौदलातून निवृत्त, बोलणं मोजकं) डोक्यावरची माकडटोपी काढली आणि सरळ होकायंत्राला घातली.

"अहो काका, मग कोर्स?"

"अगस्त्य दिसतोय ना? त्याला डाव्या श्राउडच्या आत ठेव." (श्राउड म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणारी तार.)

पहिली पाच मिनिटं पोटात गोळा. मग लक्षात आलं की तारा सरकायला लागला की मला ते आकड्याच्या कितीतरी आधी दिसतंय. टिलर दोन बोटांत आला. मरत चाललेला वायव्येचा वारा उजव्या कानामागे लागत होता. तो गालावर आला की समजायचं, आपण वर, म्हणजे वाऱ्याकडे, चढलोय. अर्थात ताराही जागचा हलतो. अगस्त्य तासाभरात आठ-नऊ अंश फोरस्टेकडे (डोलकाठीपासून नाळेपर्यंतच्या तारेकडे) सरकला, म्हणून दर पंधरा मिनिटांनी टोपी उचलून एकदा आकडा बघायचा.

दहाच्या सुमारास वारा पडला. शिडं लोंबली. थोड्या वेळाने आधी धुराचा आणि चिखलाचा वास आला, मग थंड झुळूक: मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, ईशान्येकडून. वारा उजवीकडून घेऊन घट्ट वर चढलो तर नाळ बरोबर ध्रुवावर! मुंबईतून ध्रुव क्षितिजापासून १९ अंशांवर, हात लांब करून जेमतेम दोन मुठी. हा मात्र हलत नाही. त्यामुळे जिबचे (पुढच्या शिडाचे) टेलटेल, म्हणजे वारा दाखवणारे लोकरीचे धागे, नीट उडत असताना ध्रुव फोरस्टेच्या उजवीकडे गेला, की आपण हेड झालो, म्हणजे वारा नाळेकडे फिरला. वारा फिरल्याचं इतकं स्वच्छ मला दिवसाही कळत नाही.

गोंधळही झालाच. मेनसेल (मोठं शीड) बघायला एकाने पांढरा टॉर्च लावला आणि तो थेट माझ्या डोळ्यांत. पुढची वीस मिनिटं मी आंधळा; टिलर दुसऱ्याकडे दिला. मग टॉर्चला लाल जिलेटिन पेपर गुंडाळला, तर जिबवरचा लाल लोकरीचा टेलटेल गायब! पांढऱ्या शिडावरचं लाल, लाल उजेडात दिसणार कसं? आता काळी लोकर लावतोय.

नाळेवर एक माणूस पूर्ण वेळ जाळ्यांची बोयी शोधत बसला होता. दिवा एकावरही नाही.

कालचा माग: टोपी असताना पाच-सहा अंश. अर्ध्या तासानंतर मात्र रेघ पुन्हा वळवळायला लागते, म्हणजे तेवढ्यात टिलर बदलायला हवा. पुढच्या खेपेला स्पिनेकर (मागून येणाऱ्या वाऱ्यात फुगणारं शीड), आणि माझी स्वतःची माकडटोपी. काकांना सर्दी झालीय.