उघड्या डेटाबेसची नक्कल

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधील एका अडत्यासाठी मी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालविक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, करण्याचे सॉफ्टवेअर लिहिले, तेव्हा डेटाबेस म्हणून वेगळ्या सर्व्हरशिवाय चालणारे एसक्यूलाइट घेतले. गाळ्यावर संगणक एकच, पहाटेपासून नोंदी करणारे दिवाणजीही एकच, आणि वेगळा सर्व्हर सांभाळायला कोणी नाही. रिचर्ड हिप यांनी 2000 साली अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेवरील कामासाठी ते लिहिले, त्यामागचे कारणही हेच होते : सर्व्हर बंद पडला की त्यावर विसंबलेला प्रोग्रॅम अडून बसे.

एका फाइलमध्ये सगळा हिशेब मावतो, म्हणून रोज संध्याकाळी ती पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, असे मी दिवाणजींना सांगितले होते. पुढे संगणकाची डिस्क गेली. पेन ड्राइव्हवरची प्रत उघडली, तर आदल्या दिवसाची एकही पट्टी त्यात नव्हती. फाइल शाबूत आहे का ते पाहणारा इंटिग्रिटी चेक चालवला, तर उत्तर आले ‘ओके’. फाइल बिघडलेली नव्हतीच, ती फक्त जुनी होती.

दोष माझा होता. नोंदी चालू असताना शेठना दुसऱ्या खिडकीत उधारी पाहता यावी, म्हणून मी वॉल (राइट-अहेड लॉग) मोड लावला होता. या पद्धतीत नवी नोंद आधी शेजारच्या ‘-वॉल’ फाइलमध्ये जाते, आणि ती फाइल साधारण 1000 पानांची (पान म्हणजे डेटाबेसचा ठरावीक आकाराचा तुकडा) झाली, म्हणजे 4096 बाइटच्या पानांनी जवळपास 4 एमबी भरली, की मजकूर मुख्य फाइलमध्ये उतरतो. प्रोग्रॅम नीट बंद केला तरीही तो उतरतो. पण दिवाणजी प्रोग्रॅम उघडा ठेवूनच फक्त मुख्य फाइलची नक्कल करत, आणि एका दिवसाच्या पट्ट्यांनी 4 एमबी भरत नसत. गोण्या, वजन, भाव, हमाली, तोलाई हे सारे आम्ही कार्बन प्रतींवरून पुन्हा भरले. त्याला दोन रात्री लागल्या.

आता नक्कल प्रोग्रॅमच करतो. 2019 पासून उपलब्ध असलेली ‘व्हॅक्यूम इन्टू’ ही आज्ञा डेटाबेस उघडा असतानाही त्याची पूर्ण, सुसंगत प्रत काढते. नंतर प्रोग्रॅम ती प्रत स्वतंत्र उघडून तिच्यातला शेवटचा पट्टी क्रमांक पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवतो. दिवाणजी तो पट्टीबुकातल्या शेवटच्या पानाशी ताडून पाहतात, आणि मगच पेन ड्राइव्ह काढतात.