सोलापूरचं खरं बारा किती वाजता होतं?

10 मेची गोष्ट. सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता, आज शून्य सावली दिवस, दुपारी बरोबर बाराला सावली गायब होणार, सगळ्यांनी बघा. आमची पोरगी सातवीत, तिला सुट्टीच चालू होती, ती साडेअकरालाच गच्चीवर जाऊन बसली. जुन्या नळाचा दोन फुटी पाइप कुंडीत रोवला, अप्पांनी ओळंबा लावून तो सरळ करून दिला, खाली पांढरा कागद, हातात पट्टी आणि खडू. ऊन असं की फरशीवर अनवाणी पाय टेकत नव्हता.

बाराचा अलार्म वाजला आणि सावली होती की! चांगली सव्वादोन इंच, पश्चिमेकडं पडलेली. पोरीचं तोंड एवढंसं झालं. पलीकडच्या गच्चीवरची पोरं मेसेज खोटाय म्हणून खाली निघून पण गेली, आणि मला अजून त्यांचं वाईट वाटतं, कारण अजून वीस-बावीस मिनिटं थांबली असती तर जन्मभर लक्षात राहील असं काहीतरी बघितलं असतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, टाकीच्या आडोशाला बसलेले. सगळी नोकरी मिलमध्ये गेली त्यांची. ते म्हणाले, "पोरी, उठू नको. आमच्या वेळी बाराचा भोंगा झाला तरी सावली पायात यायला अजून वेळ असायचा. सूर्याचं बारा मागनं येतंय, थांब."

थांबलो. बारा दहाला सावली इंचभर राहिली, मग अर्धा इंच, आणि 12 वाजून 22-23 मिनिटांनी पाइपच्या बुडाशी काहीच नाही. चहूकडं बघितलं, नाहीच. पोरगी स्वतः उभी राहिली तर तिची सावली तिच्या चपलांखाली. ती ओरडली आणि मला खरंच डोळ्यात पाणी आलं, का ते सांगता येणार नाही, पण एवढा मोठा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर, एका रेषेत, हे दिसणं काही लहान गोष्ट नाही.

आता हे बावीस मिनिटांचं काय? आपलं भारताचं घड्याळ 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळनं जाते. सोलापूर आहे साधारण 75.9 अंशावर, म्हणजे साडेसहा अंशांहून थोडं जास्तच पश्चिमेला. पृथ्वी चोवीस तासात 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटं, गुणाकार केला की 26 मिनिटं येतात. म्हणजे मिर्झापूरला दुपारी सूर्य सगळ्यात वर आला की 26 मिनिटांनी आपल्याकडं. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या साडेतीन मिनिटं पुढं असतो तेवढी वजा करायची, राहिली बावीस-तेवीस. पोरीनं हे वहीत स्वतः मांडलं आणि उत्तर जुळलं तेव्हा तिला सावलीपेक्षा जास्त आनंद झाला.

खरी मजा संध्याकाळी झाली. शेजारच्या अक्कांची लेक विशाखापट्टणमला दिली आहे. अक्का गच्चीवर पापड वाळवत होत्या, त्यांनी हे सगळं बघितलं आणि लेकीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली आमच्या इथं तर अकरा त्रेपन्नलाच कपडे वाळत घालायच्या खांबाची सावली गेली होती. मी मोबाइलवर मॅप उघडला. सोलापूरचा अक्षांश 17.66, विशाखापट्टणमचा 17.69, म्हणजे दोन्ही शहरं जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर, म्हणून सावली जायचा दिवस एकच! पण ते आहे 83.2 रेखांशावर, म्हणून वेळ वेगळी, बरोबर अर्ध्या तासाच्या आसपास फरक. दोन्ही घरातल्या भिंतीवरची घड्याळं मात्र एकच वेळ दाखवतात. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण 1,590 किलोमीटर वेगानं पूर्वेकडं फिरत असते, आणि ही दोन शहरं सरळ रेषेत पावणेआठशे किलोमीटर लांब आहेत, तेवढं अंतर फिरायला तिला तेवढाच वेळ लागतो. आपण मात्र चहा पितो, भाकरी करतो, पाण्याचा टँकर कधी येतो बघतो, आणि काही कळत नाही. अक्षांश-रेखांश मी शाळेत नकाशावरच्या रेघा म्हणून पाठ केले होते, त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की एक रेघ दिवस ठरवते आणि एक वेळ ठरवते.

पंढरपूर पण ह्याच अक्षांशावर आहे, त्यामुळं तिथं त्याच दिवशी, फक्त दोन-अडीच मिनिटं उशिरा. तुळजापूर जवळच, पण उत्तरेला, म्हणून तिथं एक दिवस पुढं. पुण्यात 13-14 मे. सूर्य असा गावोगाव करत कर्कवृत्ताकडं चढत जातो.

1906 साली भारताची एकच प्रमाणवेळ सुरू झाली, त्याआधी मुंबई, मद्रास, कलकत्ता यांच्या वेळा वेगवेगळ्या होत्या. एक वेळ असणं सोयीचंच आहे, रेल्वेचं टाइमटेबल नाहीतर कसं चालणार. पण आसामच्या चहाच्या मळ्यांत अजून घड्याळ एक तास पुढं ठेवून काम चालतं, कारण तिथं सूर्य फार लवकर उगवतो, आणि मला त्यांचं बरोबर वाटतं.

अप्पांनी अजून एक विचारलं, की मग संक्रांतीला दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात ते सकाळी का दिसत नाही? संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला, मिरवणुकीतले उंच नंदीध्वज बघायला आम्ही पहाटे निघतो तेव्हा डिसेंबरपेक्षा जास्त अंधार असतो, हे त्यांनी कितीतरी वर्षं पाहिलेलं. मी हिशोब केला तर ते खरं निघालं. 22 डिसेंबरला सोलापुरात सूर्य सातला सात मिनिटं कमी असताना उगवतो आणि 14 जानेवारीला साधारण सातला, म्हणजे उशिरानं! पण सूर्यास्त त्याच काळात चौदा मिनिटं पुढं सरकतो. सकाळ आठ मिनिटं घेते, संध्याकाळ चौदा देते, हातात राहतात सहा. म्हणून वाढ असते पण संध्याकाळी दिसते. पृथ्वीचा अक्ष कललेला, शिवाय जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याला सर्वात जवळ असते आणि थोडी जोरात पळते, त्यामुळं सूर्याचं बारा रोज थोडं पुढं सरकत राहतं.

जवळ असते तरी थंडी, हे पोरीला पटेना. जानेवारीत 14.7 कोटी किलोमीटर आणि जुलैमध्ये 15.2 कोटी, फरक तसा थोडाच आहे, ऋतू कलण्यामुळं होतात. आपला मे एवढा तापतो कारण सूर्य माथ्यावर, आभाळ कोरडं, जमीन कोरडी. जूनमध्ये दिवस मोठा असतो पण ढग येतात.

21 जूनला परत गच्चीवर गेलो. दुपारी ढग फाटले, साडेबारा वाजायला दोन-तीन मिनिटं कमी होती, आणि पाइपची सावली दक्षिणेला पडली होती, सहा सेंटिमीटर. सोलापुरात दुपारची सावली दक्षिणेला! अप्पा टाकीच्या नेहमीच्या उत्तरेच्या बाजूला बसायला गेले तर तिथं ऊन, मग खुर्ची उचलून पलीकडं आणली. 2 ऑगस्टच्या सुमारास सूर्य परतताना पुन्हा माथ्यावर येईल, तेव्हा वेळ असेल 12:32, आभाळ मोकळं मिळालं पाहिजे फक्त. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या कुणी काठी रोवली तर वेळ लिहून ठेवा आणि मला कळवा, पोरीनं वहीत रकाने आखून ठेवलेत.