साडेपाच फुटांचा माणूस

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीचा फोन आला, "शाळेनं तुम्हाला काय दिलं यावर दोन पानं लिहून द्या." हो म्हणालो आणि फोन ठेवला, तोच डोळ्यांसमोर आले ते कार्यानुभवाचे सर. बाकी सर्व गुरुजनांची आधीच क्षमा मागतो. गणित, संस्कृत शिकवणाऱ्यांचेही माझ्यावर उपकार आहेत; पण दोनच पानं आहेत आणि ती मला सरांना द्यायची आहेत. त्यांचं नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं तरी माझ्या आगेमागच्या कुठल्याही बॅचला ते कोण हे सांगावं लागत नाही.

१९७७-७८ला मी नववीत होतो. बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ला आपल्या ठाण्यात आली, त्याला सव्वाशे वर्षं होत होती. म्हणून स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात आमच्या वर्गानं रेल्वेचं मॉडेल करायचं ठरलं. आम्ही मुलं हरखून गेलो. ती १४ डब्यांची गाडी करायची, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं करायची, कोण काय करणार याच्या वाटण्यासुद्धा झाल्या. सर म्हणाले, "ती गाडी तुमच्यापैकी कुणी बघितलीय? न बघितलेलं करायचं नाही. आपण खारेगावचं फाटक करू, आणि मागे पारसिकचा बोगदा." सगळ्यांचा हिरमोड झाला. फाटकात करण्यासारखं असतंच काय?

रविवारी सकाळी कळव्याचा पूल ओलांडून आम्ही सात जण सायकलींवर फाटकाशी गेलो. सरांनी सगळ्यांना कडेच्या बांधावर उभं केलं, रुळात कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. प्रत्येकानं वहीत वीस गोष्टी लिहायच्या, आणि दोघांची एकच गोष्ट आली तर दोघांचीही खोडायची. सिग्नल, गुमटी, लाल-हिरवी झेंडी हे पहिल्या पाच मिनिटांत संपलं. मग खरं बघणं सुरू झालं. फाटकवाल्याचा माठ गुमटीच्या सावलीच्या बाजूला होता आणि त्याच्याखालची जमीन ओली होती. फाटकाच्या दांड्यावर हात टेकून टेकून रंग एकाच जागी उडाला होता. खडी काळी असते असं मी लिहिलं, तर सर म्हणाले, "परत बघ." रुळांच्या आसपासची खडी तांबूस होती, कडेची राखाडी. ब्रेक लागताना झिजणाऱ्या लोखंडाची पूड वर्षानुवर्षं तिच्यावर बसते, हे त्यांनी नंतर सांगितलं. आधी मला माझ्या डोळ्यांनी तांबूस दिसू दिलं.

दुसऱ्या दिवशी मापं. फळ्यावर त्यांनी दोन आडव्या रेघा मारल्या. "आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमध्ये अंतर साडेपाच फूट. बेताच्या उंचीचा माणूस किती? साडेपाच फूट. म्हणजे माणूस रुळांमध्ये आडवा झोपवला तर नेमका मावला पाहिजे. मावला नाही, तर एक तर रूळ चुकला किंवा माणूस." आमचा माणूस एक इंचाचा ठरला, म्हणून रुळांतलं अंतरही एक इंच. साडेपाच फुटांचे इंच ६६, तेव्हा सगळ्या जगाला ६६नं भागायचं. रुळांखालचा आडवा लाकडी स्लीपर ९ फुटांचा; भागाकार दीड इंचाच्या किंचित वर गेला. सरांनी खिशातून काडेपेटी काढून एक काडी फूटपट्टीवर ठेवली. बरोबर तेवढी! रुंदीला एक काडी कमी पडत होती, म्हणून गूल कापून दोन काड्या शेजारीशेजारी चिकटवायच्या. रूळ मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे. खडी म्हणजे रव्याएवढी चाळलेली वाळू, चहाच्या पाण्यात भिजवून वाळवलेली. ती कोरडीच पसरायची, ब्रशनं स्लीपरवरची झटकायची, मग शाईच्या ड्रॉपरनं पातळ केलेलं फेव्हिकॉल थेंब थेंब सोडायचं. पाणी वाळूवर गोळे होऊन थांबू नये म्हणून त्यात रिठ्याचं पाणी. माणसं तांब्याच्या तारेची, डोकं भिजवलेल्या साबुदाण्याचं. तार खुपसून वाळू दिलं की घट्ट बसायचं.

फाटक ते बोगदा हे खरं अंतर ६६नं भागूनही वर्गाच्या भिंतीबाहेर जात होतं. सर म्हणाले, "मधली भातखाचरं खाऊन टाका. फाटकातलं एक बोटही खायचं नाही."

डोंगर माझ्याकडे होता. थर्माकोलचे तुकडे एकावर एक चिकटवून मी पारसिकचा डोंगर कोरला. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी घरी उरलेला ऑइल पेंट, थिनर घालून, त्याला हौसेनं लावला. कुणाला विचारलं नाही. सकाळी वर्ग उघडला तर डोंगराची एक बाजू वितळून आत गेली होती. काळी, खडबडीत, भोकाभोकांची भगदाडं. मी तिथेच बाकावर बसून रडलो. दहा वाजता पाहुणे येणार होते.

सर आले. रागावतील म्हणून मी उभा राहिलो. ते माझ्याकडे न बघता गुडघ्यांवर बसले, डोळे टेबलाच्या कडेला आणले, एक डोळा मिटला आणि असं वाटलं की किती तरी वेळ ते तसेच होते. मग म्हणाले, "अरे, ही तर दगडखाण झाली. पारसिकला खाणी आहेतच की. जा, चुलीतली राख घेऊन ये." राख आणि प्लास्टर मिसळून त्यांनी कडा बसवल्या. खाली वाळूचे ढीग, साबुदाण्याच्या डोक्यांचे दोन खाणकामगार, एक पाटी. थर्माकोलवर आधी कागदाचा लगदा, त्यावर प्लास्टर, मग पाण्यातला रंग, हा क्रम त्यांनी काम करता करता सांगितला. चूक कुणाची याबद्दल एक शब्दही नाही, ना तेव्हा, ना नंतर. त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी खाणीपुढे झाली, आणि प्रत्येक पाहुण्याला सर माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते, "डोंगर यानं केलाय."

पुढे मी इंजिनियर झालो, पस्तीस वर्षं नोकरी केली, आता घोडबंदर रोडवरच्या घरी एका खोलीत मॉडेल रेल्वेचा आठ बाय चार फुटांचा लेआउट आहे. पुण्याचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झालं, ते पाहून आल्यावर ही जुनी ओढ पुन्हा जागी झाली. तिथल्यासारखंच मीही एचओ स्केल घेतलं, म्हणजे सगळं ८७ पटीनं लहान. परदेशी रूळ आणले, ठाण्याचा फलाट केला, माणसं उभी केली. आणि एका रात्री सहज एक माणूस रुळांत आडवा ठेवला. मावेना. माणूस १९ मिलिमीटर, रूळ साडेसोळा. त्या रुळांचं माप युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजचं. आपलं ब्रॉडगेज १६७६. पाहुण्यांपैकी कुणाच्याही ते लक्षात येत नाही. पण मला झोप लागेना. सरांनी पहिल्या मिनिटात पकडलं असतं.

सगळे रूळ उखडले. आता सर्किट बोर्डाच्या पट्ट्या कापून त्यांचे स्लीपर करतो, त्यांवर रूळ हातानं झाळतो, अंतर १९.३ मिलिमीटर. डब्यांची चाकंही आसावर बाहेर सरकवावी लागतात. दोन फुटांना चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांसारखा आनंद मला नोकरीतल्या कुठल्याही बढतीनं दिला नाही.

सर गेले तेव्हा मी कामासाठी परगावी होतो, अंत्यदर्शनाला पोचू शकलो नाही. ही खंत जात नाही. खारेगावला आता उड्डाणपूल झाला, फाटक राहिलं नाही. शाळेत गेल्या महिन्यात आलो होतो. कार्यानुभवाच्या खोलीत संगणक आहेत, आणि तो तास बऱ्याचदा गणिताला दिला जातो असं मुलांनीच सांगितलं. संगणक हवेतच. पण आठवड्यातून एक तास तरी मुलांच्या हाताला डिंक लागू द्या, ही संस्थाचालकांना माझी कळकळीची विनंती आहे.

महोत्सवाच्या तिन्ही दिवशी माझा लेआउट जुन्या इमारतीत, दुसऱ्या जिन्याजवळच्या वर्गात मांडलेला असेल. खारेगावचं फाटक आहे, माठ आहे, माठाखाली ओल आहे, मागे दगडखाण आहे. टेबल मुद्दाम ठेंगणं ठेवलं आहे आणि पुढे एक सतरंजी अंथरली आहे. कृपया उभ्यानं बघून जाऊ नका. गुडघ्यांवर बसा, डोळे टेबलाच्या कडेला आणा आणि एक डोळा मिटून बघा.