दहा सूचक आणि आजींचा अंगठा: विधानसभेचा फॉर्म भरतानाचा माझा अनुभव

विषय निघाला की अजून माझं डोकं तापतं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. २०२४ च्या विधानसभेला माझी वहिनी उभी होती, एका छोट्या पक्षाकडून, म्हणजे नोंदणी आहे पण मान्यता नाही असा पक्ष. मतदारसंघ मराठवाड्यातला, नाव लिहीत नाही. प्रचार, पत्रकं, गाड्या हे सगळं दादाकडे आणि पोरांकडे होतं, कागदं माझ्याकडे, कारण पीकविम्यापासून रेशनकार्डापर्यंत घरातले फॉर्म मीच भरतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर सूचक, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवणारा, म्हणून एका मतदाराची सही पुरते. बाकी सगळ्यांना, अपक्ष असो की आमच्यासारखा छोटा पक्ष, दहा सूचक लागतात आणि दहाच्या दहा त्याच मतदारसंघातले मतदार पाहिजेत. फॉर्म एकच, नमुना २ब, पण त्यांनी पहिला भाग भरायचा आणि आम्ही दुसरा. वर आम्हाला पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे 'हा आमचा अधिकृत उमेदवार' असं पक्षाचं पत्र, तोही आणावा लागतो, शाईच्या सहीचा, झेरॉक्स चालत नाही. म्हणजे पक्षवाल्यांचं ओझं आहेच आणि अपक्षांचंही आहे.

शपथपत्र, नोटरी, फोटो, १० हजार डिपॉझिट (एससी-एसटीला ५ हजार) हे सगळं बिनबोभाट झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. फक्त शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका, काही नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा, कोऱ्या रकान्यावरून फॉर्म उडतो.

दहा सह्या ऐकायला काहीच वाटत नाहीत. गल्लीत तासाभरात झाल्या आमच्या. पण खरी अडचण सहीची नाहीच, सहीशेजारी दोन बारके रकाने असतात त्यांची आहे: मतदार यादीचा भाग क्रमांक आणि त्या भागातला अनुक्रमांक. मी ते लोकसभेच्या वेळी घरोघर वाटलेल्या चिठ्ठ्यांवरून उतरवले. मे महिन्यात त्याच चिठ्ठ्यांवर मतदान केलं होतं, मग ऑक्टोबरात चूक कशी असेल असं वाटलं. पण मधल्या काळात याद्यांची फेरतपासणी झाली होती, बूथ इकडचे तिकडे झाले होते आणि भाग बदलले होते. हे मला कुणी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

फॉर्म भरायची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर, म्हणजे शनिवार-रविवार धरून आठ दिवस. २४ ला गुरुपुष्यामृत होतं, मोठ्यांनी तो मुहूर्त गाठून वाजतगाजत फॉर्म भरले. आमचा एबी फॉर्मच रविवारी रात्री हातात आला, त्यामुळे आम्ही सोमवारी २८ ला, वसुबारसेच्या दिवशी कचेरीत गेलो. आत उमेदवार धरून पाचच जण सोडतात. तपासणीच्या टेबलावरचा माणूस मतदार यादी उघडून बसला होता, हातात स्टीलची पट्टी, ती एकेका नावाखाली सरकवत जायचा आणि आमच्या फॉर्मवर पेन्सिलीने बारीक टिक करायचा. पाच टिक झाल्या. सहाव्या नावाला पट्टी थांबली ती थांबलीच.

"हे नाव या भागात नाही."

मी म्हटलं साहेब असेल, नीट बघा, लोकसभेला होतं. त्यांनी पान उलटून दाखवलं, खरंच नव्हतं. मग नववं नाव. आमच्या शेजारच्या आजी, त्यांना लिहिता येत नाही म्हणून मी घरीच पॅडवर अंगठा घेतला होता.

"हा अंगठा कुणासमोर घेतला?"

"माझ्यासमोर."

"तुम्ही कोण?"

नियम असा आहे की ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगाने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर लागतो, आणि त्या अधिकाऱ्याने माणूस ओळखून खाली साक्षांकन करायचं. घरी घेतलेला अंगठा म्हणजे कागदावरचा शाईचा डाग. मला हे पटतं, बोगस अंगठे कुणीही मारेल. पण फॉर्म आणायला गेलो तेव्हाच एक ओळ कुणी बोललं असतं तर? फॉर्म देणारा माणूस दहा सूचक लागतील एवढं म्हणून पुढच्याकडे वळला होता.

टेबलावरच्याने सांगितलं, असा फॉर्म दिला तर छाननीत बाद होईल, नवीन करून आणा. घड्याळात दोन वीस. तीनला दार बंद. आम्ही परत निघालो. नंतर वकिलांनी दाखवलं की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३३(४) मध्ये नावातली किंवा यादीच्या क्रमांकातली लेखनचूक अधिकाऱ्याने दुरुस्त करू द्यायची असं स्पष्ट लिहिलंय. क्रमांकाची चूक तिथेच पेनाने सुधारता आली असती, त्यासाठी माघारी धाडायची गरज नव्हती. या एका गोष्टीचा राग माझा आजही गेलेला नाही. ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे त्याला हे कलम पाठ असतं, आमच्यासारख्याला टेबलावरचा माणूस म्हणेल तोच कायदा.

त्या रात्री मी दहाही जणांची मतदार ओळखपत्रं गोळा केली आणि आयोगाच्या साइटवर एकेक नंबर टाकून बघितला. चौघांचे भाग बदललेले निघाले, आणि एकाचं तर नावच शेजारच्या मतदारसंघात. त्यांचं घर नाल्याच्या पलीकडे आहे, रोज आमच्याच दुकानावर चहाला असतात, मला कधी वाटलंच नाही की नाला ही हद्द आहे. ही चूक मात्र लेखनाची नव्हे, दहातला एक बाहेरचा निघाला तर सूचक नऊच उरतात आणि फॉर्म जातो. तेव्हा हे आधी कळलं ते बरंच झालं, हे कबूल करतो.

सगळे म्हणत होते आजींना काढ, सही करणारा कुणीतरी घे, एवढा सोपा उपाय आहे. मीही तेच म्हटलं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, टँकरच्या मोर्चाला सगळ्यात आधी त्या आल्या होत्या. पहिला अंगठा त्यांनी दिलाय, तो राहू द्या." मग विषय संपला.

२९ तारीख, धनत्रयोदशी, शेवटचा दिवस. आजींना रिक्षाने नेलं. आत पाच जण म्हणजे वहिनी, मी, वकील, दादा आणि आजी. व्हरांड्यात बाकावर दीड तास गेला, मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो आणि आजी पदराच्या टोकाने अंगठा पुसत होत्या, आधीच स्वच्छ असलेला. तीनच्या आत दाराच्या आत असलेल्यांना टोकन मिळतं आणि त्यांचे फॉर्म उशिरा का होईना घेतात, हेही मला तिथेच कळलं, आधी माहीत असतं तर एवढा जीव टांगणीला लागला नसता. पावणेतीनला आत बोलावलं. अधिकाऱ्यांनी आजींना नाव विचारलं, ओळखपत्रावरचा फोटो बघितला, पॅड पुढे केलं. आजींनी डावा अंगठा टेकवला, उचलला आणि कागदावर हलकेच डावीकडून उजवीकडे फिरवला, अगदी सवयीने, आयुष्यभर बँकेत आणि सोसायटीत तेच केलेलं. शेजारी अधिकाऱ्यांची सही आणि शिक्का बसला. वहिनीने शपथ तिथेच घेतली. ती विसरू नका, फॉर्म दिल्यावर घ्यायची असते आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच चालते, म्हणजे शेवटच्या दिवशी जाणाऱ्याला तेवढाच दिवस.

यावेळी आम्ही फॉर्मचे दोन सेट दिले होते, दहा-दहा वेगळ्या सूचकांचे. चारपर्यंत सेट देता येतात आणि डिपॉझिट एकदाच लागतं. ३० ला छाननीत वहिनीचं नाव वाचून 'वैध' म्हटलं तेव्हा मला काही सुधरेना, मी बाहेर येऊन नळाचं पाणी तोंडावर मारलं.

दहाचा नियम कुठून आला ते मी नंतर वाचलं. १९९६ ला तमिळनाडूत मोडाकुरिची नावाच्या एका विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे होते, मतपत्रिकेचं पुस्तक छापावं लागलं होतं. त्याच वर्षी कायदा बदलला, विधानसभेचं डिपॉझिट २५० वरून ५ हजार केलं आणि बिगरमान्यताप्राप्तांना दहा सूचक लावले. पुढे डिपॉझिट १० हजार झालं. गर्दी रोखायची हे समजतं, पण त्यासाठी डिपॉझिट आहे ना, एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशपेक्षा जास्त मतं नाही पडली की जप्तच होतं. मग सूचकाच्या रकान्यात एकाला एक आणि दुसऱ्याला दहा कशाला? दहा ठेवायचेच तर छाननीपर्यंत सूचक बदलू द्या, गावातल्या बीएलओसमोर, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर, घेतलेला अंगठा चालवा. आणि २०१५ च्या २५५ व्या अहवालात विधी आयोगाने तर अपक्षांना उभंच राहू देऊ नका अशी शिफारस केली होती. ज्यांना हे योग्य वाटतं त्यांनी एकदा त्या व्हरांड्यात बसून बघावं, तिथे बसलेला प्रत्येक जण हौस म्हणून आलेला नसतो.

चिन्हाचंही तसंच. मोठ्यांचं चिन्ह वर्षानुवर्षं भिंतीवर आहे. आम्ही फॉर्ममध्ये तीन चिन्हं पसंतीने लिहायची, मिळणार ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपल्यावर, मतदान २० ला, प्रचार बंद १८ ला संध्याकाळी. आम्हाला शिलाई मशीन मिळालं, ते चिन्ह दोन आठवड्यांत घराघरात न्यायचं होतं.

अजून एक राहिलं. निवडणुकीचं बँक खातं वेगळं लागतं आणि ते फॉर्म भरायच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं पाहिजे. आमचं होतं, पण आमच्या मागे बाकावर बसलेल्या एका अपक्षाचं नव्हतं, त्यांना ते टेबलावर पोचल्यावर कळलं, आणि तो २९ चाच दिवस होता.